मालमोटारीतली रुसलेली वीज

बडोद्याच्या अंगावरून रात्रंदिवस मालमोटारींचा ओघ वाहत असतो. पूर्वी ज्यास आपण राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणत होतो व आता ज्याचा क्रमांक ४८ झाला आहे, त्या मुंबई-दिल्ली रस्त्यावरचे हे मोठे ठाणे. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत वाढत गेली, २००४ साली अहमदाबादेकडे जाणारा ९३ किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग खुला झाला, आणि शहराच्या वेशीवरील छाणी, गोल्डन चोकडी, दुमाड ही नावे देशभरच्या चालकांच्या तोंडी बसली.

मालमोटारीच्या तारा आणि दिवे यांच्याशी आपला काय संबंध, असे वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल. आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे नोकरीपेशाची. कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी विद्यापीठात. परंतु रात्री हालोलहून किंवा भरुचहून स्कूटरवर परतताना आपला जीव कशाच्या भरवशावर असतो? पुढे चाललेल्या किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मालमोटारीच्या पाठीवरील एका लहानशा लाल दिव्याच्या. हा दिवा अवघ्या ५ वॉटचा असतो. देवघरातल्या विजेच्या दिव्याहून फार मोठा नव्हे. तो विझला की दहा-पंधरा टनांचे धूड काळोखात मिसळून जाते. तेव्हा तो दिवा का विझतो व कसा शोधावा, हा विषय केवळ गॅरेजवाल्यांचा नाही.

शिवाय हे बडोदे आहे. हस्तकौशल्य आणि शास्त्र यांची सोयरीक या नगरीत जुनी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपविले, ते कारागिरीला शास्त्राचे डोळे यावेत म्हणून. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे ते विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेत विलीन झाले. त्या परंपरेतील नगरवासीयांनी तारेचा आणि बॅटरीचा विचार परका मानू नये.

विजेवाचून चालणारे इंजिन

मालमोटारीच्या विजेकडे इतके दुर्लक्ष का होते, याचे कारण तिच्या इंजिनातच आहे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडल्यावाचून इंधन पेटत नाही. वीज गेली की गाडी जागच्या जागी थांबते. डिझेल इंजिनाची तऱ्हा निराळी. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि फवारलेले तेल त्या उष्णतेने पेट घेते. ठिणगीची गरज नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या, इलेक्ट्रॉनिक मेंदू नसलेल्या मालमोटारीचे इंजिन एकदा चालू झाले की बॅटरी मेलेली असली तरी ते धडधडत राहते. सेल्फ लागला नाही तर चार माणसे धक्का देतात, गाडी निघते, आणि मालक म्हणतो, 'पुढच्या फेरीनंतर पाहू.'

१९४४ साली वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील गाड्या, १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला टाटांनी बांधावयास घेतलेल्या मालमोटारी, मद्रासकडच्या लेलँड, या सर्वांनी मिळून आपल्याकडील चालकांची आणि मिस्त्र्यांची एक पिढी घडविली. त्या पिढीने इंजिन आणि गिअर यांत विलक्षण नैपुण्य मिळविले. विजेचे खाते मात्र कोपऱ्यातल्या वायरमनकडे राहिले. इंजिन बिघडले तर मालकाची कमाई थांबते, म्हणून त्याची दुरुस्ती तत्काळ होते. मागचा दिवा गेला तर धोका मागून येणाऱ्याला असतो, म्हणून ती लांबणीवर पडते. व्यवहारातील ही विषमता सरळ आहे आणि तिची किंमत परक्याला मोजावी लागते.

जाण्याची वाट आणि येण्याची वाट

वीज समजून घ्यावयाची तर एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. वीज दिव्यापर्यंत पोचून भागत नाही. तिला परत बॅटरीकडे येण्याचीही वाट लागते. घरातील दिव्याला दोन तारा असतात. मोटारीत मात्र काटकसर केलेली असते. बॅटरीच्या धन टोकापासून दिव्यापर्यंत तार नेतात, आणि परतीचे काम गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे, म्हणजे चासीकडे सोपवितात. बॅटरीचे ऋण टोक जाड पट्टीने चासीला जोडलेले असते. यालाच गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात. जमिनीशी त्याचा संबंध नाही. गाडी रबरी टायरांवर उभी असते. नाव मात्र तेच राहिले.

ही काटकसर गाडी नवी असेतो उत्तम चालते. पण लोखंड गंजते, त्यावर रंगाचे थर चढतात, बोल्ट ढिले होतात, आणि परतीची वाट अडते. जाण्याची तार रंगीत असते, तिच्यावर वेष्टन असते, म्हणून सगळे तिच्याकडे पाहतात. परतीची वाट दिसतच नाही. जुन्या मालमोटारीतील विजेच्या तक्रारींपैकी पुष्कळशांचे मूळ या न दिसणाऱ्या वाटेत असते.

थोडा हिशेब करू. जॉर्ज सायमन ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो: प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाब. मालमोटारीचा सेल्फ फिरताना सुमारे ३०० अँपिअर प्रवाह ओढतो असे धरा. जोडावर गंज चढून केवळ एक शतांश ओम रोध निर्माण झाला, तर ३ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. बारातून तीन गेले, उरले नऊ. सेल्फ कण्हतो आणि थांबतो. मालक नवी बॅटरी आणतो. दोष बॅटरीत नव्हताच. तो बोटभर गंजात होता. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी मोटार न पाहता केली, पण ती येथे अक्षरशः लागू पडते.

पुरानंतरची एक मालमोटार

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर बडोदेकर विसरणे शक्य नाही. नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. घरे पुसून झाली, भिंती वाळल्या. पण त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या वाहनांचे दुखणे पुढे कित्येक महिने बाहेर पडत राहिले.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची वडिलांच्या हातची, वीस वर्षांहून जुनी मालमोटार त्या पुरात चासीपर्यंत बुडाली होती. इंजिन सुदैवाने वाचले. तेल बदलून, ब्रेक उघडून स्वच्छ करून त्याने धंदा पुन्हा सुरू केला. दिवाळीनंतर मात्र गाडीने रंग दाखविण्यास सुरुवात केली. रविवारी विश्रांती घेऊन सोमवारी पहाटे पाहावे तो बॅटरी उतरलेली. मागचे दिवे कधी लागत, कधी मिणमिणत. आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे दिव्याचे बटण बंद असताना ब्रेक दाबला की चालकासमोरच्या फळीवरील दिवे मंद उजळत. एका गॅरेजने बॅटरी बदलली. महिन्याभरात नवी बॅटरीही उतरू लागली. दुसऱ्याने मागचे बल्ब आणि होल्डर बदलले. चार दिवस बरे गेले. तिसऱ्याने सबंध वायरिंग नवे घालण्याचा खर्च सांगितला.

मग हालोल रस्त्यावर ती रात्र आली. माल भरून येताना चढावर गाडी मंदावली, मागचे दिवे नेमके त्या वेळी गेले होते, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला गाडी दिसली ती अगदी जवळ आल्यावर. तो आणि त्याची पत्नी घसरून कडेच्या मातीत पडली, खरचटण्यावर निभावले. विद्यार्थ्याने त्यांना दवाखान्यात नेले, घरी सोडले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, गाडी भंगारात घालतो. पैसे कमी आले तरी चालतील. कुणाचा जीव घेऊन मला पोट भरायचं नाही." त्या गाडीवर त्याच्या वडिलांनी दोन मुलींची लग्ने केली होती, आणि घरात दुसरी मिळकत नव्हती.

आमच्या ओळखीत वयाची सत्तरी ओलांडलेले एक वायरमन आहेत. दुकान मुलाकडे सोपवून ते आता घरीच असतात. त्यांना गळ घातली. ते म्हणाले, "बदलायचं काही नाही. आधी बघू." एका संध्याकाळी त्यांनी जे केले ते आम्ही शेजारी उभे राहून पाहिले. साहित्य काय, तर एक व्होल्टमीटर, दोन तारा लावलेला २१ वॉटचा बल्ब, वीस-पंचवीस फूट सुटी वायर, काचकागद आणि एक जुनी वही.

शोधाची पद्धत

पहिले काम त्यांनी केले ते प्रश्न विचारण्याचे. बॅटरी केव्हा उतरते? गाडी चालवून आल्यावर, की उभी राहिल्यावर? दिवे खड्ड्यात गेल्यावर जातात, की पावसात? एकच खोड आहे की दोन? उत्तरे वहीत लिहिली आणि मग म्हणाले, "ह्या दोन निराळ्या खोडी आहेत. एकत्र शोधल्या तर दोन्ही सापडणार नाहीत." प्रत्येक जण आजवर एकच कारण शोधत होता, म्हणून कोणाचेच औषध लागू पडत नव्हते.

बॅटरीपासून आरंभ झाला. गाडीतील सर्व बटणे बंद करून त्यांनी बॅटरीची ऋण बाजू सोडविली आणि तो बल्ब मधोमध जोडला. जुन्या गाडीत सर्व बंद असता प्रवाह वाहण्याचे कारण नाही. बल्ब काळा राहावयास हवा. तो लालसर उजळला. म्हणजे कोठून तरी वीज गळत होती. मग त्यांनी एकेक फ्यूज काढण्यास सांगितले. शेवटचा फ्यूज निघाला तरी बल्ब उजळलेलाच. आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा पडला. मिस्त्रींचा मात्र खुलला. "झालं! फ्यूजच्या पेटीतून जाणाऱ्या सगळ्या वाटा सुटल्या. आता उरल्या फक्त जाड तारा." जाड तारा दोनच: एक सेल्फकडे, दुसरी अल्टरनेटरकडे. अल्टरनेटरची तार सोडवताच बल्ब विझला.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारे यंत्र. त्यात डायोड नावाचे भाग असतात. ते एकाच बाजूस उघडणाऱ्या दारासारखे काम करतात: वीज बॅटरीकडे जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत. पुराच्या पाण्याने ही दारे निकामी झाली होती. मीटरने मोजता गळती सुमारे २ अँपिअर निघाली. शनिवार संध्याकाळपासून सोमवार पहाटेपर्यंत ३६ तास. म्हणजे ७२ अँपिअर-तास. बॅटरी १२० ची. साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग अंधारात, कोणाला न दिसता, वाहून जात होता. इंजिन चालू करून मोजले, तेव्हा जेथे सुमारे १४ व्होल्ट दिसावयास हवे तेथे काटा १३ च्या आसपासच अडत होता. रात्रीची गळती आणि दिवसाची अर्धपोटी भरती, दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणे होती.

आता दिव्यांची पाळी. मागचा दिवा लावून ठेवूनच त्यांनी मोजणी केली, आणि येथे एक मर्माची गोष्ट सांगितली: "दिवा बंद ठेवून मोजाल तर काटा बारा दाखवील आणि तुम्हाला फसवील." त्याचा अर्थ असा. रिकामी बैलगाडी मोडक्या पुलावरूनही पार होते. पूल कच्चा आहे हे भरलेली गाडी गेल्यावरच कळते. तारेतील दहा पदरांपैकी एक जरी शाबूत असला तरी मीटरच्या नगण्य प्रवाहाला तो पुरतो. दिव्याचा भार पडला की खरे रूप उघडे होते.

दिव्यापर्यंत येणाऱ्या तारेवर १२ च्या जवळ व्होल्ट होते. जाण्याची वाट निर्दोष. मग त्यांनी मीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थ तारेवर व दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी लावले. या दोहोंत काहीच फरक नसावयास हवा. काटा ७ वर गेला. बारापैकी सात व्होल्ट परतीच्या वाटेवर हरवत होते आणि दिव्याच्या वाट्याला जेमतेम पाच येत होते. खात्रीसाठी त्यांनी सुट्या वायरने दिव्याचे अंग बॅटरीशी परस्पर जोडले. दिवा झळझळीत लागला. दहा मिनिटांत, काहीही न बदलता, सबंध नव्या वायरिंगचा प्रश्न निकालात निघाला.

फळीवरील दिवे का उजळत, तेही आता उलगडले. ब्रेकच्या दिव्यातील वीज परतीची वाट बंद दिसताच आडवाट शोधते. ती मागच्या लाल दिव्याच्या तंतूतून उलट शिरते, त्याच्या तारेने पुढे येते आणि फळीवरील दिव्यांतून पुढच्या चासीत उतरते. पाण्याला उताराची वाट अडवली तर ते शेजाऱ्याच्या अंगणातून जाते, तसेच हे. जेथे दिवा अवेळी उजळतो तेथे दोष नसतो. दोष असतो बंद झालेल्या मूळ वाटेत.

तो बोल्ट शेवटी सापडला चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर, रंगाच्या आणि वाळलेल्या गाळाच्या थराखाली. काढून, काचकागदाने लोखंड चकचकीत करून, दातेरी वॉशर घालून तो घट्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन फासले. अल्टरनेटर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीस गेला. सर्व मिळून झालेला खर्च एका नव्या बॅटरीच्या किमतीहून कमी होता. मिस्त्रींनी वहीत तारीख, खोड, मोजलेले आकडे आणि केलेला उपाय लिहिला व वही गाडीतच ठेवण्यास सांगितले.

वाचकांनी काय घ्यावे

ज्यांच्या घरी जुने वाहन आहे, मग ती मालमोटार असो, टेंपो असो वा शेतावरचा ट्रॅक्टर, त्यांनी या पद्धतीतील चार सूत्रे गाठीशी बांधावीत. दोष एक आहे की अनेक, हे आधी ठरवावे. मोजणी भार चालू ठेवून करावी. संशयाचे क्षेत्र दर पायरीला कमी करीत जावे. फ्यूजची पेटी ही अशी विभागणी करण्यासाठी तयार असलेली सोय आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर गुण कशाने आला हे कळत नाही.

काही पथ्येही आहेत. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तार कधी गुंडाळू नये; फ्यूज हा पहारेकरी आहे, त्याला बांधून ठेवल्यास आग सबंध गाडीला लागते. बॅटरी सोडविताना चासीकडची बाजू आधी काढावी व जोडताना शेवटी जोडावी, म्हणजे पाना लोखंडाला लागून ठिणगी पडत नाही. बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी नेऊ नये. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची खोड काही जणांना असते. तीमुळे अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. हौसेचे दिवे आणि भोंगे लावताना मूळ तारेला चाकूने सोलून फाटे काढण्याऐवजी निराळी तार, निराळा फ्यूज घ्यावा. आणि रात्री गाडी बंद पडलीच, तर ती शक्य तितकी रस्त्याबाहेर घेऊन, मागे अंतरावर लाल परावर्तक त्रिकोण उभा करावा. दगड आणि झाडाची फांदी ही काळोखात मागच्याला दिसत नाहीत. उलट नंतर रस्त्यातच राहून दुसऱ्याचा घात करतात.

जुनी गाडी म्हटली की ती मोडीतच काढावी, असे मत अलीकडे बळावले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, ते गांधीनगर येथील परिषदेतच. ज्या गाड्या खरोखर जीर्ण झाल्या त्यांनी रस्ता सोडावा, यात दुमत नाही. पण गाडीचे वय आणि गाडीचे आरोग्य या दोन गोष्टी भिन्न आहेत. आठ वर्षांपुढील मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तो एका दिवसाचा सोपस्कार न राहता वर्षभराची सवय झाली, तर जुनी गाडी नव्या पण बेफिकिरीने वापरलेल्या गाडीहून अधिक निर्धोक असू शकते.

आम्हां शिक्षकांना या कामात स्वतःच्या व्यवसायाचे प्रतिबिंब दिसते. गणित चुकलेल्या मुलाला सबंध धडा पुन्हा घोकावयास लावणे हे सबंध वायरिंग बदलण्यासारखे आहे. कोणत्या पायरीपर्यंत त्याचे बरोबर आहे आणि कोठून चुकते, हे शोधणारा शिक्षक त्या मिस्त्रीच्या जातीचा. आमच्या शाळेत आता विज्ञानाच्या तासासाठी एक फळी तयार केली आहे. तिच्यावर एक बॅटरी, एक दिवा, एक लोखंडी पट्टी आणि एक गंजलेला बोल्ट आहे. मुले पाळीपाळीने मीटर लावतात आणि हरवलेले व्होल्ट शोधतात. सातवीतल्या एका मुलीने गेल्या महिन्यात तो बोल्ट दोन मिनिटांत हुडकला.

तिला शाबासकी देऊन आम्ही बोल्ट पुन्हा मिठाच्या पाण्यात टाकला आहे. पुढच्या तुकडीसाठी तो नीट गंजावयास हवा.